बाई उठून गेल्यानंतर

१

टेपताईच्या दुकानात गिऱ्हाईक दोनच प्रकारचं यायचं. एकाला गेलेला आवाज परत हवा असायचा, दुसऱ्याला असलेला आवाज घालवायचा असायचा. पहिलं डोळे पुसत यायचं, दुसरं हसत. पस्तीस वर्षं काउंटरमागे काढल्यावर पायरी चढणाऱ्या माणसाच्या दातांवरूनच ताईला कळायचं, हे कुठल्या प्रकारातलं.

एकदा एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची कॅसेट घेऊन आले. म्हणाले, "यातून जावई काढून टाका." ताई म्हणाली, "काढते की. पण मग मुलगी कुणाचा हात धरून हसतेय असं दिसेल?" गृहस्थ म्हणाले, "हवेचा धरू दे. त्या नालायकापेक्षा हवा बरी."

भाऊसाहेब आले ते असेच हसत. मागे टेम्पो, टेम्पोत पत्र्याच्या चार पेट्या, पेट्यांत चकतीवरच्या जुन्या टेपा, मोजून अठ्ठेचाळीस. त्यांची धाकटी बहीण दोन महिन्यांपूर्वी गेली होती. तिला सगळं शहर 'बाई' म्हणूनच ओळखायचं. काही जण आदराने, बरेचसे दात खाऊन. बाई चित्रं काढायच्या, फिल्मा करायच्या, आवाजांची कामं मांडायच्या, आणि दुसऱ्यांच्या कामांवर असं लिहायच्या की भलेभले कलावंत त्या दिवशीचं वर्तमानपत्र बायकोपासून लपवून ठेवायचे. बायकांनी केलेलं काम कोण गिळतं आणि कुणाच्या नावाने ढेकर देतं, हे बाईंनी तीस वर्षं नावानिशी लिहिलं. जाताना लिहून ठेवलं, सगळं संग्रहालयाला द्यायचं. जसंच्या तसं.

"जसंच्या तसंच द्यायचंय हो, ताई," भाऊसाहेब म्हणाले. "फक्त प्रत्येक टेपेत तिचं भाषण संपलं की पुढे नुसती खरखर आहे. खुर्च्या सरकतायत, कुणी खोकतंय. तेवढी शेपटं छाटा. कुणाला हवंय ते?"

"आणि मूळ टेपा?"

"त्या माझ्याकडे पाठवा. मी बघतो त्यांचं काय करायचं ते."

हे 'बघतो' ताईच्या कानाला टोचलं. पण काम हातात आलं की ती तोंड बंद ठेवायची. तशी सवयच लागली होती.

२

या वयाच्या टेपा चिकट झालेल्या असतात. तशाच चालवल्या तर यंत्राला चिकटून फाटतात. म्हणून ताई त्यांना आधी फळं सुकवायच्या यंत्रात आठ तास मंद आचेवर ठेवायची. मग टेप एकदा नीट चालते. दुसऱ्यांदा चालेल याचा भरवसा नसतो, कारण आवाज ज्या तपकिरी लेपावर बसलेला असतो तो लेपच भुकटी होऊन गळायला लागतो. म्हणजे संधी एकच. टेप तासाची तर काम तासाचं. कानाला हेडफोन लावून, आवाज संगणकात उतरत असताना, जागचं न हलता बसायचं.

समोर संग्रहालयाच्या नोंदणीबाईंनी दिलेले छापील तक्ते. रकाने चार: क्रमांक, लांबी, काय आहे, कोण आहे. अट एकच, शाई नको. शाई ओलाव्याने पसरते, म्हणून पेन्सिल.

पहिली टेप लावली. बाईंचा आवाज खणखणीत, वीस मिनिटं एकाही शब्दाला न अडखळता. मग त्या म्हणाल्या, "मी जरा येते." चपलांचा आवाज, दार लागलं.

आणि टेप चालूच राहिली.

खरखर कसली, खोली पुरुषांनी भरलेली होती. आधी कुणीतरी हुश्श केलं. मग हशा. मग कुणीतरी बाईंच्या चालण्याची नक्कल केली असावी, कारण दुसरा म्हणाला, "कमरेत अजून थोडा लचक दे." मग बाईंच्या कामाबद्दल, अंगाबद्दल, न झालेल्या लग्नाबद्दल. चाळीस मिनिटं.

दुसऱ्या टेपेत तेच. तिसऱ्या टेपेत तेच. ताईने पेटीचं झाकण पूर्ण उघडलं तेव्हा आतल्या बाजूला चिकटवलेला कागद दिसला, बाईंच्या हातचा. "माझं भाषण ही प्रस्तावना. मी उठून गेल्यानंतरचा भाग म्हणजे काम."

ताईने हातातला चहा खाली ठेवला. तीस वर्षं ही बाई खोलीत कान ठेवून बाहेर पडत होती. आणि भावाला नेमका तो कान छाटून हवा होता.

३

पेन्सिलीचा आवाज चौथ्या टेपेत लक्षात आला.

बाई बाहेर गेल्या, दार लागलं, माणसं बोलायला लागली, आणि अगदी माइकजवळ, कागदावर पेन्सिल चालायला लागली. खर्र, खर्र, खर्र, थांब. खर्र, खर्र. कुणी बोललं की चालायची, गप्प झालं की थांबायची. दोघं एकदम बोलले की भरभर.

ताई काही भुताखेतांना भिणारी नव्हती. दुकानात रोज मेलेल्यांचे आवाज ऐकणाऱ्या माणसाला ते परवडत नाही. ती म्हणाली, आपलीच पेन्सिल असणार, टेबलातून यंत्राला आवाज जातोय. पेन्सिल खाली ठेवली. आवाज चालूच. मग म्हणाली, पट्टा सैल झालाय. पट्टा बदलला, स्पिरिटने यंत्र पुसलं, जुन्या गाण्यांची एक टेप लावून पाहिली. आवाज स्वच्छ, काचेसारखा. मग बाईंची टेप थांबवली होती तिथून पुढे लावली. खर्र, खर्र.

मग तिने सरळ विचार केला. सभा आहे, कुणीतरी टिपण घेत असेल. असतो एखादा कारकून.

फक्त त्या कारकुनाशी कुणीच बोलत नव्हतं. चाळीस मिनिटांत कुणी त्याला 'हे लिहू नका हं' म्हणालं नाही. आणि असलं बोलणाऱ्या माणसांनी समोर लिहिणाऱ्याला तेवढं तरी म्हटलंच असतं.

नवव्या टेपेत एकाने खुर्ची ओढली, अगदी माइकजवळ, जिथे पेन्सिल चालली होती तिथेच. म्हणाला, "ही रिकामीच आहे ना?" आणि बसला. पेन्सिल थांबली नाही.

ताईने 'कोण आहे' या रकान्यात सात जणांची नोंद केली आणि आठव्या ओळीवर बराच वेळ टोक टेकवून बसून राहिली. शेवटी ती ओळ कोरी सोडली.

४

संग्रहालयात शिरल्याशिरल्या एक प्रसिद्ध काम आहे: चाळीस जुने रेडिओ, प्रत्येकातून एकेक बाई हळू आवाजात आपला दिवस सांगते. लांबून नुसता गलबला ऐकू येतो. एका रेडिओला कान लावला तरच ती एक बाई ऐकू येते. खाली पितळी पाटी आहे, तिच्यावर सरांचं नाव. हे सर कलाशाळेचे मुख्य होते. त्या रेडिओंनी त्यांना मोठं केलं.

अकराव्या टेपेत बाई वीस मिनिटं तेच काम समजावून सांगत होत्या. रेडिओ किती, कुठे ठेवायचे, आवाज किती ठेवायचा, सगळं. टेपेवरची तारीख पाटी लागायच्या चार वर्षं आधीची. मग "मी जरा येते", चपला, दार.

सरांचा आवाज आला. "कल्पना बरी आहे. पण हिच्याकडून कुठे निभणार? मीच करून टाकतो."

आणि एक तरुण, लाघवी आवाज म्हणाला, "करा की, सर. घरचंच आहे. तिला मी समजावतो."

तो आवाज ताईने ओळखला. गेल्याच आठवड्यात तो तिच्या काउंटरला टेकून चहा प्यायला होता.

पेन्सिल इतकी जोरात चालली की कागद फाटतो की काय असं वाटलं.

ताईने भाऊसाहेबांना फोन लावला. "अकराव्या टेपेत खरखर नाहीये. तुम्ही आहात."

पलीकडून मग तोच लाघवी सूर. "ताई, तरुण वयातलं बोलणं हो ते. थट्टा. सर आता ऐंशीचे आहेत, त्यांच्याच हस्ते बहिणीच्या दालनाचं उद्घाटन आहे. कशाला कुणाचं म्हातारपण नासवायचं?"

"आणि तिचं अख्खं आयुष्य?"

"तिला सवय होती," भाऊसाहेब म्हणाले. "तुम्ही छाटा."

ताईने फोन ठेवला. कान तापले होते. ही माणसं कधी ओरडत नाहीत, हाच तर राग येण्यासारखा भाग. गळा कापतात तोही 'हो'चा हेल लावून. तिने तिथल्या तिथे ठरवलं, एक सेकंदही छाटायचं नाही.

असं ठरवणं सोपं होतं. तोपर्यंत टेपांमध्ये दुसरेच लोक होते.

५

एकतिसाव्या टेपेवर काहीच लिहिलेलं नव्हतं. भाषणही नव्हतं. दुपारची वाहनं, शटरचा खडखडाट, आणि मग ताईला एक घंटी ऐकू आली. तिच्याच दुकानाच्या दाराची घंटी, जी पुढे कधीतरी तुटली होती.

बाई कधीतरी रेकॉर्डर दुरुस्तीला घेऊन आल्या होत्या. ताईला अंधुक आठवलं. लग्नाला दोन वर्षं झालेली. नवरा गल्ल्यावर, ही आतल्या टेबलाशी. सगळा बाजार नवऱ्याला 'उस्ताद' म्हणायचा. खरं तर उस्तादला सोल्डरिंगची तापलेली सळई कुठल्या टोकाने धरायचं हेही कळत नव्हतं. हात सगळे हिचे. माहेरी मोडके रेडिओ उघडून-उघडून शिकलेली.

टेपेतल्या बाई म्हणाल्या, "मधूनच बंद पडतोय. आत्ता चालू आहे, असाच ठेवा, म्हणजे कळेल." मग जवळ येऊन हळूच, "बोटांवर चटके आहेत तुमच्या. दुरुस्ती तुम्ही करता ना?"

आणि बावीस वर्षांच्या ताईचा आवाज, "छे हो. हे करतात."

"बरं. मी जरा येते."

घंटी. बाई गेल्या.

"पाहिलंस?" उस्तादचा आवाज. "नवरा मिळाला नाही की बायका यंत्रं घेऊन फिरतात. तू कर हा, पण तिला म्हणायचं मीच केला. बाईमाणसाने हात लावलाय कळलं तर गिऱ्हाईक परत पायरी चढायचं नाही. बायकांची अक्कल स्क्रू हरवण्याइतकीच."

आणि एक हसणं. मनापासूनचं, खळखळून, नवऱ्याला आवडेल असं.

ताईचा हात आपोआप पुढे गेला आणि तिने संगणकात उतरणारा आवाज थांबवला, तोवर उतरलेलाही पुसून टाकला. टेप फिरत राहिली, अकरा मिनिटं, कुठेही न उतरता. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. फोटो भिंतीवर होता. दुकानाच्या पाटीवर अजून त्याचंच नाव होतं. ती मनाशी म्हणाली, यात सर नाहीत, संग्रहालय नाही, कुणाचं काम चोरलेलं नाही. दोन साध्या माणसांची थट्टा. कुणाला हवंय ते?

हे वाक्य आपण आधी कुठे ऐकलंय हे तिला कळत होतं. तरी तिने हेडफोन काढले नाहीत. आणि म्हणूनच तिला कळलं, की त्या दुपारी दुकानात फक्त दोघं होती, एक तो आणि एक ती, आणि तिच्या हसण्याच्या अगदी जवळ, आतल्या टेबलापाशी, पेन्सिल चालली होती.

खर्र, खर्र. थांब.

६

बत्तिसाव्या टेपेत पेन्सिल नव्हती. तेहेतिसाव्या टेपेतही नव्हती. माणसं बोलत होती, खिदळत होती, फक्त लिहिणं बंद झालं होतं. ताईला आधी हायसं वाटलं. मग वाटेनासं झालं. लिहिणारं माणूस एकाएकी लिहायचं थांबतं ते कधी? मान वर करून बघायला लागतं तेव्हा.

भर दुपार होती. रस्त्यावर हातगाड्या, समोरच्या झेरॉक्सवाल्याचं यंत्र चालू. ताई काउंटरकडे पाठ करून बसली होती, समोरच्या फळीवर दुरुस्तीला आलेले पाच टीव्ही ओळीने ठेवलेले, बंद. पाच काळ्या काचांत पाच दुकानं दिसत होती. समोरून दिसणाऱ्या पाच ताया, कानाला हेडफोन. मागे, काउंटरपलीकडे, गिऱ्हाइकासाठी ठेवलेलं रेक्झिनचं स्टूल.

चार काचांत स्टूल रिकामं होतं.

पाचव्या काचेत स्टुलाच्या उंचीवर एक बाही दिसत होती, आणि बाहीच्या टोकाला हात. हातात पेन्सिल, कागदाच्या वर धरलेली. लिहीत नव्हती. वाट बघत होती.

ताई गर्रकन वळली. स्टुलावर कुणी नव्हतं. फक्त रेक्झिनची गादी मधोमध दबलेली होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत हळूहळू वर आली.

ताईला भीती वाटलीच. पण भीतीच्या खाली काहीतरी दुसरं होतं, आणि ते भीतीपेक्षा जुनं होतं. पस्तीस वर्षं तिचे हात आणि त्याची पाटी. पस्तीस वर्षं 'हे करतात'. भाऊसाहेबांना ती काय तोंडाने बोलणार होती? त्यांनी निदान दुसऱ्याचं छाटायला सांगितलं होतं. हिने स्वतःचं स्वतः छाटलं होतं, आणि कुणी सांगायचीही वाट पाहिली नव्हती.

"बघू नका असं," ती स्टुलाकडे बघून चिडून म्हणाली. "लावते परत."

एकतिसावी टेप दुसऱ्यांदा लावली. तपकिरी भुकटी टेबलावर पडायला लागली. उस्तादचा आवाज जागोजागी विरला, वाक्यं अर्धी झाली, काही मिनिटं नुसती भुसभुस. तिचं हसणं मात्र तसंच्या तसं उतरलं. असं कसं, म्हणून तिने विचार केला नाही. विचार करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

जे गळलं होतं ते तिने आठवून तक्त्याच्या पाठीमागे शब्दन् शब्द लिहून काढलं. पुढे 'काय आहे' मध्ये लिहिलं: दुरुस्तीचं दुकान. 'कोण आहे' मध्ये लिहिलं: दुकानाचा मालक. दुरुस्ती करणारी, मी. खोटं सांगणारी, मी. हसणारी, मी.

लिहून झालं आणि तिची पेन्सिल थांबली.

दुसरी थांबायला आणखी अर्धं मिनिट लागलं.

७

चार दिवसांनी, सकाळी अकराला भाऊसाहेब आले. या वेळी हसत नव्हते.

"पेट्या कुठायत?"

"संग्रहालयात. काल नोंदणीबाईंनी नेल्या. अठ्ठेचाळीस टेपा, अठ्ठेचाळीस तक्ते, प्रत्येकावर शिक्का. आता तिथून कागदाचा कपटाही कुणाला काढता येत नाही."

"आणि छाटलेलं?"

"काही छाटलेलं नाही."

भाऊसाहेबांनी मागे वळून दुकानाचं दार लावून घेतलं. बाहेरचा रस्ता बंद झाला. ते काउंटरवर दोन्ही हात टेकून वाकले, आणि त्या लाघवी आवाजातली साखर एकदम निघून गेली.

"तुम्हाला कुणी विचारलं होतं? एक दुकानदार बाई तुम्ही, स्क्रू फिरवायचं तेवढं काम. तुम्हाला काय कळतं ती कशी होती? आईचा जीव खाल्ला तिने. घरात कुणाला एक घास सुखाने खाऊ दिला नाही. तिच्या त्या रेडिओंचं काय सोनं होणार होतं? सरांनी केलं म्हणून जगाने पाहिलं तरी. आणि हो, मी दिलं. मीच दिलं. तिच्या टेबलाच्या खणातून तिचे नकाशे काढून मी सरांच्या घरी पोचवले, पुढे काय करायचंय तुम्हाला? मला नोकरी लागली त्यावर. अख्खं घर चाललं त्यावर. तीसुद्धा त्याच घरात जेवत होती!"

ते श्वास घ्यायला थांबले.

दुकानात शांतता झाली. सगळी यंत्रं बंद होती, टेप नव्हती, हेडफोन खुंटीला लटकत होते. आणि त्या शांततेत आणखी काहीतरी थांबल्यासारखं झालं, जे आत्तापर्यंत चालू होतं.

"काय होतं ते?" भाऊसाहेब म्हणाले.

खर्र, खर्र.

ते ताठ उभे राहिले. "कोण लिहितंय?"

खर्र, खर्र.

ताईने काउंटरवरचे दोन्ही हात दाखवले. चटक्यांचे जुने डाग, बाकी काही नाही. ती स्टुलाकडे बघत नव्हती. तिला बघायची गरज नव्हती. ती त्यांच्याच चेहऱ्याकडे बघत होती.

"थांबलात का?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "बोला की. चांगलं घडाघडा बोलत होतात. नकाशांचं सांगत होतात. ते टेपेत नव्हतं कुठे. खणाला कुलूप होतं का, ते सांगा. किल्ली कुठून मिळवली, ते सांगा. सावकाश बोला, घाई नाही कुणाला."

भाऊसाहेबांनी दाराकडे पाहिलं. दाराकडे जायचं तर स्टुलाजवळूनच जावं लागत होतं. त्यांची नजर ताईच्या खांद्यावरून मागच्या फळीवर गेली, तिथल्या काळ्या काचांवर, एकीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर, आणि शेवटच्या काचेपाशी खिळली. इतका वेळ खिळली की ताईने त्यांचा खालचा ओठ हलताना पाहिला, लहान मुलाचा हलतो तसा.

मग सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाच्या तोंडून एक हाक निघाली. ताईने ती कुठल्याच टेपेत ऐकली नव्हती. घरातली, चड्डी-परकराच्या वयातली, धाकट्या बहिणीला मारायची हाक.

"छबू?"

पेन्सिल चालली. दोन अक्षरं लिहायला लागतो तेवढाच वेळ.

मग पान उलटल्याचा आवाज आला.